वाढवलेलं दुकान

विजयमालाबाई वेळापुरे यांनी उभ्या जन्मात 'दुकान बंद केलं' असं कधी म्हटलं नव्हतं. कासाराच्या घरात जन्मल्या आणि कासाराच्याच घरात दिल्या. दोन्ही घरांत बांगडी कधी फुटली नाही, ती वाढली. देवापुढं नारळ फोडला नाही, वाढवला. आणि संध्याकाळी शटर ओढून कुलूप घातलं, की दुकान वाढवलं. फुटणं, बंद होणं असले शब्द तोंडून काढले की ती गोष्ट दारात येऊन उभी राहते, म्हणून काढायचे नाहीत, एवढी साधी समजूत. पिढ्यान्‌पिढ्या ही समजूत चालली आणि तिनं कुणाचं काही वाकडं केलं नाही. मग सरकारनं शहाणं यंत्र आणलं.

पण त्याआधी शशिकांतरावांचं सांगायला हवं.

आंबेसरच्या बाजारपेठेत या नवराबायकोचं बांगड्यांचं दुकान होतं. दोघं चौतीस वर्षं शेजारी शेजारी बसून बांगड्या भरत आणि मधल्या वेळात भांडत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुकानात बायकांची झुंबड उडालेली असताना शशिकांतराव एका नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होते. आठवी बांगडी मनगटाशी आली आणि त्यांचा उजवा हात खाली पडला. तोंड वाकडं झालं. मेंदूतली गुठळी औषधानं विरघळली, जीव वाचला, पण बोलणं गेलं. अगदी सगळं नाही गेलं, एक वाक्य तेवढं उरलं. बांगडी चढवताना समोरच्या बाईला दिवसातून दोनशे वेळा सांगायचं वाक्य.

"हात सैल सोडा."

भूक लागली तरी हात सैल सोडा, पाठ खाजली तरी हात सैल सोडा. पहिल्या आठवड्यात विजयमालाबाई रडल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या वाक्यावरून त्याच नवऱ्याशी भांडायला लागल्या, आणि मग त्यांना जरा बरं वाटलं.

"बोलण्याचे धागे मेंदूत जिथं जुळतात ना, तिथला पूल पडलाय," डॉक्टर मुजावरबाईंनी समजावलं. "जे वाक्य सवयीनं पाठ झालंय ते दुसऱ्या, जुन्या वाटेनं येतं, म्हणून तेवढं शाबूत आहे. बाकीच्यासाठी आपण नवा पूल बांधू. याला चेतासेतू म्हणतात. मेंदूच्या त्या जागेवर केसाहून बारीक तारांची जाळी ठेवायची, तिच्यावर त्यांच्याच पेशी रुजवायच्या. पण दोन अटी आहेत. झटका आल्यापासून एकशेऐंशी दिवसांच्या आत हे व्हायला पाहिजे. नंतर मेंदू आपल्या आपण भलत्याच वाटा पाडून घेतो आणि सेतूला जागा उरत नाही."

"आणि दुसरी?"

"सेतू आवाजावर रुजतो. तीन महिने, जागेपणी दर दोन तासांनी, एकाच माणसानं त्यांच्याशी बोलायचं. पगारी बाई चालत नाही. ज्या आवाजाची मेंदूला ओळख आहे तोच आवाज लागतो. त्यामुळं पूर्णवेळ घरी राहणारं माणूस आहे असं सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय पाळी मिळत नाही."

विजयमालाबाईंनी विचार केला नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेची कपाटं पुसली, शटर ओढलं, कुलपाला हळदकुंकू वाहिलं आणि किल्ली देवघरात ठेवली. सेतूची पाळी लागली होती वीस जूनला. एकशेऐंशी दिवस भरत होते बारा जुलैला.

राहिली नोंद. ती करायची वाणीनोंद केंद्रात, तिथल्या 'साक्षी' नावाच्या यंत्रापुढं.

साक्षी आली तेव्हा लोकांनी पेढे वाटले होते, हे कबूल केलं पाहिजे. तिच्यामुळं प्रतिज्ञापत्र गेलं, सत्यप्रत गेली, तीन-तीन झेरॉक्स गेल्या. माणसानं फक्त बोलायचं. खोटं बोलताना, म्हणजे आतलं एक आणि ओठावरचं दुसरं असताना, गळ्याच्या स्नायूंवर जो बारीक ताण येतो, तो कानाला कळत नाही पण साक्षीला कळायचा. किती टक्के खरं ते ती तिथल्या तिथं सांगायची, आणि बोललेलं एका क्षणात राज्यातल्या सगळ्या कचेऱ्यांत पोचायचं. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले की कज्जे होतात, म्हणून कायद्यानं तिच्या कोशात एका शब्दाला एकच अर्थ ठेवला होता. आणि माणसानं पलटी खाऊ नये म्हणून आणखी एक सोय केली होती. आधीच्या बोलण्याशी विसंगत बोललात की तुमचा विश्वासांक घसरणार. चाळिसाच्या खाली गेला की वर्षभर तुमचं काहीच ऐकून घेतलं जाणार नाही.

आता एवढ्या हुशार यंत्राला मराठी शिकवली कशी? तर शासननिर्णय, राजपत्रं, निकालपत्रं आणि विधिमंडळातली भाषणं खाऊ घालून. त्या सगळ्या ढिगाऱ्यात एकही माणूस दुकान वाढवून घरी जेवायला गेलेला नाही.

विजयमालाबाई काठापदराचं लुगडं नेसून केंद्रात गेल्या आणि यंत्रापुढं बसून स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ह्यांच्यासाठी म्हणून मी पाडव्यानंतर दुकान वाढवलं. आता सगळा भार माझ्या एकटीवर आहे."

"निवेदन पूर्ण," साक्षी गोड आवाजात म्हणाली. "सत्यता अठ्ठ्याण्णव टक्के. धन्यवाद."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अठ्ठ्याण्णव पडले मला. शाळेत कधी अठ्ठेचाळीसच्या वर गेले नव्हते."

"हात सैल सोडा," शशिकांतराव कौतुकानं म्हणाले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात पत्र आलं. 'निवेदकाने पाडव्यानंतर व्यवसायवृद्धी केल्याचे व तिचा संपूर्ण भार स्वतःवर असल्याचे स्वमुखाने घोषित केले आहे. सबब पूर्णवेळ शुश्रूषक उपलब्ध नसल्याने रुग्णाची पाळी रद्द करण्यात येत आहे. व्यवसायवृद्धीबद्दल शासनातर्फे हार्दिक अभिनंदन.'

विजयमालाबाईंनी पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा वाचून होईतो त्या पायात चपला घालून निम्म्या रस्त्यात पोचल्या होत्या.

केंद्रात प्राजक्ता अहिवळे नावाची मुलगी कामाला होती. तिचं काम म्हणजे यंत्राची धूळ पुसणं आणि माणसांची समजूत काढणं.

"मावशी, आधी पाणी घ्या. आवाज खाली आल्याशिवाय आत बसू नका."

"पाणी कसलं घेऊ! अगं, दुकान वाढवलं म्हणजे वाढवलं! म्हणजे बंद केलं! एवढं साधं कळत नाही तुझ्या त्या भवानीला?" आणि प्राजक्ता आडवी येईतो त्या यंत्रापुढं बसल्याही. "ऐक गं बाई. मी दुकान बंद केलंय."

"विसंगत विधान," साक्षी म्हणाली. "सत्यता एकेचाळीस टक्के. आपला विश्वासांक एक्क्याण्णववरून सत्तरवर आला आहे."

"एकेचाळीस? मी काय खोटं बोलतेय?"

"प्रश्नाची नोंद होत नाही."

"कुलूप आहे दुकानाला! चल, दाखवते!"

"विसंगत विधान. सत्यता छत्तीस टक्के. आपला विश्वासांक सत्तेचाळीसवर आला आहे."

प्राजक्तानं धावत जाऊन बटण दाबलं आणि मोठ्यानं म्हणाली, "वीज गेली!" मग हळूच, "मावशी, हिला राग आणि खोटं यातला फरक कळत नाही. दोन्हीत गळा आवळतो. तुम्ही आणखी एकदा चिडलात की चाळिसाच्या खाली, आणि मग वर्षभर साहेबसुद्धा काही करू शकत नाहीत."

"मग साहेबांनाच सांग ना, दुकान बघून जा म्हणावं."

"बघायला जाणारं पदच गेलं. फोटो चालत नाही, फोटो कुणीही बनवतं. आवाज तेवढा खरा धरतात."

"म्हणजे कुलूप खोटं आणि मी बोलले ते खरं. आणि मी बोलले त्याचा अर्थ मात्र मला ठाऊक नाही!"

"असंच आहे बघा," प्राजक्ता ओशाळून म्हणाली. बिचारीचा त्यात काही दोष नव्हता, पण त्या क्षणी विजयमालाबाईंना तिचाही राग आला.

यानंतरचे पाच-सहा आठवडे विजयमालाबाईंनी जे सोसलं त्याला नाव नाही. संतापायचं कारण समोर ढळढळीत आहे आणि संतापायला मनाई आहे. वीस जून आला आणि गेला. डॉक्टर मुजावरबाईंनी सांगितलं, "दहा जुलैचा एक दिवस मी तुमच्यासाठी राखून ठेवते, पण नोंद दुरुस्त झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही." शेजारीपाजारी सल्ले द्यायला पुढं होतेच. गावात निम्म्या लोकांना साक्षीचा अनुभव होता. कुणी सकाळी उठून शांत आवाजाची तालीम करत होतं, कुणी कचेरीत जायच्या आठ दिवस आधीपासून घरात मौन धरत होतं. औषधाच्या दुकानात तर 'शांतवटी' नावाची गोळी काउंटरखालून मिळायची. जिभेखाली धरली की गळा दोन तास लोण्यासारखा.

विजयमालाबाईंनी ती आणली. आरशापुढं बसून त्या म्हणाल्या, "माझे दुकान बंद आहे. मी घरी असते." आवाज असा, की जणू दुसऱ्याच कुणाच्या दुकानाची बातमी वाचताहेत. त्याच आवाजात त्यांनी नवऱ्याला विचारलं, "आपणांस चहा हवा आहे का?"

शशिकांतरावांनी बायकोकडं पाहिलं. चौतीस वर्षांत या बाईनं चहाचं कधी असं विचारलं नव्हतं. 'घ्या, ढोसा एकदाचा' असं म्हणून कप आदळायची पद्धत होती. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला. डाव्या हातानं त्यांनी तिचा पदर घट्ट धरला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. ही ओळखीची नाही, एवढंच त्यांना कळत होतं. आणि सेतू तर ओळखीच्या आवाजावर रुजायचा होता.

विजयमालाबाईंनी उरलेल्या गोळ्या मोरीत ओतल्या. दोन तासांनी गळा सुटल्यावर पहिलं काय केलं असेल, तर त्यांनी सरकारला, यंत्राला, यंत्र आणणाऱ्याला आणि त्याच्या बारशाला जेवलेल्यांना शिव्या घातल्या. बोलता बोलता हात भिंतीवर आपटला आणि मनगटातली एक हिरवी बांगडी तडकून खाली पडली.

"वाढली," त्या सवयीनं म्हणाल्या आणि काचा गोळा करायला वाकल्या.

वाकल्या तशाच थांबल्या. फरशीवर तीन तुकडे पडले होते. ही बांगडी वाढलीय असं त्या आत्ता म्हणाल्या, ते शंभर टक्के खरं होतं. दुकान वाढवलं हेही खरंच होतं. मग आपण पलटी खायचीच कशाला? पलटी त्या भवानीनं खावी.

दुसऱ्या दिवशी प्राजक्तानं नियमपुस्तिका चाळून चाळून एक कलम काढलं. दूरच्या पाड्यांवरच्या लोकांच्या बोलीतले शब्द साक्षीच्या कोशात नसायचे, त्यांच्यासाठी ते घातलं होतं. निवेदकाने शब्द उच्चारून तो कृतीने दाखवावा, अशा तीन कृती नव्वद टक्क्यांच्या वर खऱ्या ठरल्यास कोशातील अर्थ बदलावा.

"आजवर कुणी वापरलेलं नाही, मावशी. आणि एकजरी कृती साफ फसली तर तुमचा अंक..."

"ठाऊक आहे. सत्तेचाळीस."

सात जुलैला सकाळी त्या नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत घालून केंद्रात आल्या. पिशवीत अर्धा डझन बांगड्या आणि एक नारळ होता. साक्षीच्या गोल काचेच्या डोळ्यापुढं बसून त्यांनी श्वास घेतला.

"होय. मी पाडव्यानंतर दुकान वाढवलं."

"पूर्वीच्या निवेदनाशी सुसंगत. सत्यता अठ्ठ्याण्णव टक्के."

"वाढवलं म्हणजे काय केलं, ते दाखवते." बांगडी हातात घेतली. "ही बांगडी मी वाढवते." आणि टेबलाच्या कडेवर आपटली.

"सत्यता अठ्ठ्याऐंशी टक्के. अपुरी. एकदा पुनरावृत्ती करता येईल."

दोन टक्के! मागं खुर्चीत बसलेला माणूस दोन टक्क्यांसाठी मुका राहणार होता. विजयमालाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. मुठी वळल्या, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि आता ही बाई यंत्रावर नारळ घालणार असं प्राजक्ताला वाटलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात सैल सोडा."

त्यांनी वळून पाहिलं. शशिकांतराव डावा हात पुढं करून बसले होते, जसे गिऱ्हाइकाच्या मनगटासाठी बसायचे. गेले सहा महिने हे वाक्य भुकेसाठी होतं, तहानेसाठी होतं, खाजेसाठी होतं. आज ते ज्यासाठी होतं त्याचसाठी आलं. ताठ हातात बांगडी चढत नाही, वाढते. हे कासाराच्या लेकीला कुणी वेगळं सांगायला नको होतं. विजयमालाबाईंनी मुठी उघडल्या. बोटं मोकळी केली. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं नाही.

"ही बांगडी मी वाढवते."

"सत्यता सत्त्याण्णव टक्के."

नारळ केंद्राच्या उंबऱ्यावर वाढवला. पंचाण्णव टक्के. पाणी प्राजक्ताच्या वहीवर उडालं. तिसरं काय वाढवायचं ते विजयमालाबाईंनी कालच ठरवलं होतं. साक्षीच्या डोळ्यावर एक पत्र्याची झडप होती, कचेरी सुटताना ओढायची. त्यांनी तिची कडी धरली.

"आणि आता ही झडप मी वाढवते."

खाडकन झडप खाली आली. मग पत्र्यामागून, अंधारातून, तोच गोड आवाज आला.

"सत्यता नव्याण्णव टक्के. अर्थ समजला. वाढवणे म्हणजे बंद करणे, मोडणे, संपवणे. कोशात बदल केला आहे. निवेदकाने दुकान संपवले आहे. पूर्णवेळ शुश्रूषक उपलब्ध. पाळी मंजूर."

प्राजक्तानं विजयमालाबाईंना मिठी मारली. नारळाचं खोबरं सगळ्यांनी खाल्लं. फक्त खोबरं चावता चावता प्राजक्ता मध्येच थांबली. "मावशी, पण हिच्याकडं एका शब्दाला एकच अर्थ असतो. मग आता बाकीचे जे वाढवतात, त्यांचं काय?"

"त्यांचं ते बघतील," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांना त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा विचार करायला जागाच नव्हती.

बाकीच्यांचं काय झालं ते महिन्याभरात पेपरात आलं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी गाळपक्षमता वाढवल्याचं अभिमानानं सांगितलं आणि कारखान्याची नोंद बंद पडली. एका मुख्याध्यापकांनी पटसंख्या वाढवली म्हणून त्यांची शाळा संपली. सरकारनं चौकशीला समिती नेमली. समितीचं काम लांबलं तेव्हा तिची मुदत वाढवण्यात आली, त्याबरोबर समितीही गेली.

सेतू दहा जुलैला बसला. विजयमालाबाई दर दोन तासांनी नवऱ्याशी बोलत होत्या, म्हणजे भांडतच होत्या. सतराव्या दिवशी शशिकांतराव "चहा" म्हणाले. चाळिसाव्या दिवशी "साखर कमी" म्हणाले. नव्वदाव्या दिवशी त्यांनी एक अख्खं वाक्य जुळवलं, "तू फार बोलतेस," आणि विजयमालाबाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या.

शेवटचं एक काम राहिलं होतं. उपचार पूर्ण झाल्याचं रुग्णानं स्वतः साक्षीपुढं सांगायचं होतं. विजयमालाबाईंनी आठ दिवस घोकून घेतलं. "फक्त 'मी बरा झालो' म्हणायचं. तीन शब्द. तो मेला शब्द काही झालं तरी तोंडातून काढायचा नाही."

"नाही काढत," शशिकांतराव म्हणाले.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी ते यंत्रापुढं बसले. साक्षीनं विचारलं, "उपचाराने आपल्याला काय लाभ झाला?"

"मी बरा झालो," शशिकांतराव म्हणाले. एवढ्यावर थांबायचं होतं. पण नऊ महिन्यांनी बोलायला मिळालेल्या माणसाला तीन शब्दांत कोण अडवणार! त्यांनी बायकोकडं पाहिलं, आणि त्यांचा आवाज भरून आला. "हिच्यामुळं... हिच्यामुळं माझं आयुष्य वाढलं."

"अहो!" विजयमालाबाई ओरडल्या, पण उशीर झाला होता.

"निवेदन पूर्ण," साक्षी म्हणाली. "सत्यता नव्याण्णव टक्के. आयुष्य संपल्याची नोंद सर्व कचेऱ्यांना पाठवली आहे. शासन आपल्या दुःखात सहभागी आहे. उपस्थित व्यक्तीने मयताशी आपले नाते सांगावे."

प्राजक्तानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. विजयमालाबाईंचा चेहरा लाल झाला, मुठी वळल्या, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. त्यांच्या मनगटावर एक हात आला. उजवा. नऊ महिन्यांपूर्वी पडलेला. थोडा थरथरत होता, पण त्यानं मनगट कासारानं धरावं तसं नेमकं धरलं.

आता शशिकांतरावांना हवी ती वाक्यं येत होती. त्यांनी जुनंच निवडलं.

"हात सैल सोडा, वेळापुरेबाई."

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मयत गालातल्या गालात हसत होता. त्यांनी बोटं मोकळी केली, पदर सारखा केला आणि यंत्राकडं तोंड करून शांतपणे म्हणाल्या, "नातं भांडणाचं आहे. चौतीस वर्षांचं. आणि ते अजून चालू आहे."

"सत्यता शंभर टक्के," साक्षी म्हणाली.

यंत्राच्या पोटातून चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर छापलं होतं : 'मयताशी नाते - भांडण. सद्यःस्थिती - चालू.' प्राजक्तानं सांगितलं की या नोंदीवर अपील करता येतं, पण ते मयतानं स्वतः येऊन करावं लागतं.

"उद्या येतो," मयत म्हणाला.